घोडीची पाठ लागते कशी, ओळखायची कशी आणि बरी करायची कशी

वरातीवरून रात्री बारा-एकला घोडी घरी आली की आपण काय करतो, झूल ओढून काढतो, जीन उतरवतो, पाण्याची बादली पुढं ठेवतो आणि जाऊन पडतो, कारण सकाळी दुसऱ्या गावची सुपारी घेतलेली असते. मी पण कितीतरी वर्षं हेच केलं. पाठ लागायची सुरुवात नेमकी त्या रात्री होते आणि आपल्याला दिसते तीन दिवसांनी, म्हणून हे सगळं एका जागी लिहून राहिलो.

माझी घोडी मैना सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. वैशाख, पाच दिवसात चार वराती, आणि त्याच महिन्यात नवी लाल मखमली झूल घेतलेली, जरीची किनार, मधे आरसे. दुसऱ्या रात्री मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यावर, डॉक्टर लोक त्याला विदर्स म्हणतात, लिंबाएवढी सूज हाताला लागली. दाबली की कातडी थरथरायची, कान मागं जायचे. मला वाटलं गोमाशी चावली असेल. आणखी दोन वराती केल्या. पाचव्या दिवशी कातडी फुटली, आतून पू, आणि मैना सात आठवडे ठाणावर उभी राहिली, सगळा सीझन गेला, ते पैशाचं सोडा पण ती जीन पाहिली की अंग चोरायची ते मला पाहवत नव्हतं. तिथं आज पांढऱ्या केसांचा रुपयाएवढा ठिपका आहे. नंतर झूल उलटी करून पाहिली तर किनारीची जाड शिवण बरोबर जीनच्या पुढच्या कमानीखाली आडवी येत होती. एक शिवण, बस.

तर पहिली गोष्ट ही समजून घ्या की "जीन लागलं" म्हणजे फक्त वरून घासलं असं नसतं. दोन वेगळे प्रकार आहेत. एक घासण्याचा, पट्टा किंवा दोर मागंपुढं सरकतो, आधी केस तुटतात, मग टक्कल पडतं, मग कातडी सोलते, हे वरून दिसतं आणि लवकर बरं पण होतं. दुसरा दाबण्याचा, आणि तो वाईट. एकाच जागी बराच वेळ जोर पडला की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही, आणि हाडाजवळचं मांस आधी मरतं, वरची कातडी तोपर्यंत चांगली दिसते. म्हणून आज काही दिसत नाही आणि परवा-तेरवा अचानक कातडी चामड्यासारखी कडक होऊन उचलली जाते. पांढरे केस येतात तेही त्यामुळंच, केसाला रंग देणाऱ्या पेशी मरतात, मग त्या जागी कायम पांढरंच उगवतं. घोडा विकत घेताना पाठीवर असे ठिपके दिसले तर समजा की याला कधीतरी बेकार जीन बसलं होतं. सारंगखेड्याच्या बाजारात मी जातो तेव्हा तोंड उघडून दात नंतर पाहतो, झूल काढायला लावून पाठ आधी पाहतो.

आता रोजचं काम. घरी आल्यावर जीन झटकन उतरवू नका, तंग, म्हणजे पोटाखालून जीन आवळायचा पट्टा, दोन भोकं ढिला करा आणि पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या, तेवढ्यात पाठ थंड होते. मग जीन काढा आणि कंदील, मोबाइलचा टॉर्च, जे असेल ते धरून पाठीवरचा घाम पाहा. घाम सगळीकडं सारखा असेल तर ठीक. सगळी पाठ ओली आणि मधेच एखादा वीतभर कोरडा ठिपका असेल तर तिथं काहीतरी गडबड आहे, एकतर तिथं इतका दाब पडला की घाम आलाच नाही किंवा जीन तिथं टेकतच नव्हतं आणि सगळा भार आजूबाजूला गेला. त्यानंतर बोटांनी, तळहातानं नाही बोटांच्या टोकांनी, उंचवट्यापासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूनं हळूहळू दाबत जा. कुठं गरम, कुठं फुगलेलं, कुठं कातडी थरथरते, कुठं ती पाठ खाली सोडते. आणि हे एकदा करून थांबू नका, अर्ध्या तासानं परत एकदा हात फिरवा, कारण जीन असताना दाबून बसलेली जागा जीन निघाल्यावर सुजते. या दोन वेळेच्या हात फिरवण्याला मिळून पाच मिनिटं लागतात, मैनाच्या वेळेस मी ही पाच मिनिटं दिली असती तर सात आठवडे वाचले असते.

जखमेची जागा पाहिली की कारण बहुतेक वेळा तिथंच सापडतं. मलम कोणतं लावू हे विचारायच्या आधी हे पाहा.

उंचवट्याच्या अगदी वरती लागलं तर जीनची पुढची कमान खाली बसली आहे, आतला भराव दबला आहे किंवा घोडी वाळली आहे. नवरदेव बसल्यावरही उंचवटा आणि कमानीच्या मधे दोन-तीन बोटं उभी गेली पाहिजेत, रिकाम्या जीनवर मोजू नका, माणूस बसवून मोजा. उंचवट्याच्या दोन्ही बाजूला लागलं तर कमान अरुंद आहे, चिमटा बसून राहिला. मणक्यावर मधोमध लागलं तर जीनच्या खाली मधली गल्ली नाही किंवा आत कापड गोळा झालं, ती गल्ली तीन-चार बोटं रुंद आरपार मोकळी दिसली पाहिजे, मागून वाकून पाहिलं तर पुढचा उजेड दिसायला हवा. कमरेवर लागलं तर जीन लांब आहे किंवा मागं सरकतं, शेवटच्या बरगडीच्या मागं जीनचा भार जाऊच नये, तिथून मागं घोड्याच्या पाठीला बरगड्यांचा आधार नाही. एकाच बाजूला लागलं तर बसणारा वाकडा, नाहीतर दोन रिकीब लहानमोठ्या, नाहीतर जीनचं लाकूडच एका बाजूनं तडकलेलं. माझ्या ओळखीच्या एका काकांच्या घोडीला दर सीझनला डाव्याच बाजूला लागायचं, तीन डॉक्टर झाले, मलमं झाली, शेवटी जीन उलटं करून दोन्ही हातांनी पिळलं तर आतून कर्रकर्र आवाज आला. लाकडाला तडा होता.

कोपरामागं लागलं तर तंग. इथं एक गैरसमज आहे की तंग घट्ट असल्यामुळंच लागतं. ढिला तंग पण तेवढाच लागतो, कारण तो प्रत्येक पावलाला मागंपुढं होतो. कोपरापासून चार बोटं मागं तंग यावा, एकदम आवळू नका, दोन-तीन वेळा थोडा थोडा करून आवळा, आवळल्यावर दोन बोटं सपाट आत गेली पाहिजेत, आणि मग पुढचे दोन्ही पाय एक एक करून गुडघ्याखालून धरून पुढं ओढा. यानं तंगाखाली अडकलेली कातडीची घडी सुटते. हे पाय ओढायचं काम आपल्याकडं कोणी करत नाही, मीही एका जुन्या टांगेवाल्याकडून शिकलो, तेव्हापासून तंग लागलेला मला आठवत नाही. तंग नायलॉनच्या पट्ट्याचा असेल तर त्यावर लोकरीचं नाहीतर जाड सुती कव्हर चढवा आणि ते प्रत्येक वरातीनंतर धुवा. घाण वाळून कडक झालेलं कव्हर नसलेलं बरं.

दुमची, म्हणजे जीनपासून शेपटीखालून जाणारा पट्टा, हा लपलेला शत्रू आहे, कारण शेपटीखाली कोणी पाहत नाही. शेपटीचे सगळे केस दुमचीतून बाहेर काढा, एक जरी आत अडकला तर तो दोऱ्यासारखा कापतो. दुमची आणि कमरेच्या मधे दोन-तीन बोटं जागा ठेवा. घोडी शेपटी एका बाजूला धरते, मागचे पाय झाडते, तर आधी शेपटी उचलून पाहा, मारू नका.

तोंडाचे कोपरे फाटले असतील तर लगाम लहान आहे किंवा धरणाऱ्याचा हात जड आहे. कोपऱ्याला एक-दोन सुरकुत्या पडतील इतपतच लगाम वर घ्या. काटेरी लगाम तर वापरूच नका, १९६५ च्या केंद्राच्या नियमांतच त्याला बंदी आहे. डीजेसमोर नाचवायला म्हणून लोक तसा लगाम घालतात, पण त्या तोंडाला झालेली इजा नवरदेवाला दिसत नाही, आपल्याला रोज दिसते. म्होरकीचं पण तसंच, गालाच्या हाडाखाली दोन बोटं यावी आणि ठाणावर कायम चढवून ठेवू नये, वाढत्या शिंगरूला तर नाहीच, महिनाभरात ती नाकात रुतते.

टांगा असेल तर जखम छातीवर आणि पाठीवरच्या गादीखाली येते, आणि बहुतेक वेळा दोष गाडीच्या तोलाचा असतो. बंडीवाल्यांना हे सांगायची गरज नाही, गाडी दाबू, म्हणजे पुढं जड झाली की बैलाचा खांदा जातो आणि उलाळ, म्हणजे मागं जड झाली की गळ्याला फास बसतो. घोड्याचं पण तेच. सवाऱ्या बसल्यावर दांड्या हातानं उचलून पाहा, हलक्या लागल्या पाहिजेत, पण आपोआप वर जाऊ नयेत. छातीपट्टा श्वासनळीवर नको आणि खांद्याच्या सांध्यावर पण नको, दोघांच्या मधे. आणि पट्टा तीन-चार बोटं रुंद तरी असावा, वीतभर छातीवर दोरीएवढा पट्टा घालून पाच माणसं ओढायला लावली तर कातडी कापणारच.

आपल्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदशेकणी करतात, हळद-लोणी लावून पळसाच्या पानानं खांदे शेकतात आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या" म्हणतात. वर्षभर जुवाखाली राहिलेल्या खांद्याची आठवण ठेवायचा तो दिवस आहे. मी दोन-तीन वर्षांपासून त्या संध्याकाळी मैनाचं जीन, तंग, दुमची सगळं अंगणात काढतो आणि एकेक टाका तपासतो. पावसाळ्यात वराती नसतात, दुरुस्तीला वेळ पण असतो. तुम्हीही तारीख ठरवून घ्या, नाहीतर हे काम कधीच होत नाही.

भरावाचं बोलतो. आपण कापसाच्या मुलखातले, म्हणून जीनमधे, गादीमधे कापूसच भरतो. कापूस घामानं भिजतो, वाळतो, परत भिजतो आणि त्याचे गोळे होतात, हाताला आवळ्याएवढे कडक लागतात, तेच पाठीत रुततात. कापूस भरायचा असेल तर प्रत्येक सीझनला उसवून पिंजून परत भरा. नाहीतर लोकर वापरा. धनगरांकडची घोंगडी चांगली आहे, चार पदरी घडी घालून जीनखाली टाकायची, घोडदळात पण घडी घातलेली लोकरी घोंगडीच जीनखाली असायची, कारण एक बाजू घामेजली की घडी बदलून कोरडी बाजू आत घेता येते. घोंगडी चरबरीत लागत असेल तर कातडीच्या बाजूला जुन्या सुती लुगड्याचा एक पदर घ्या. पातळ फोम घेऊ नका, माणूस बसला की तो कागदासारखा चपटा होतो आणि घाम आत कोंडतो. आणि अंतर पडतंय म्हणून गाद्यांवर गाद्या चढवू नका, आधीच अरुंद असलेलं जीन त्यानं आणखी घट्ट होतं, आपल्या पायात लहान चपलेत दोन मोजे घातल्यासारखं.

झूल किंवा नमदा, म्हणजे जीनखालची जाड लोकरी गादी, चढवायच्या आधी कापसाचं एक बोंडाएवढं पुंजकं घेऊन आतल्या बाजूवर फिरवा. कुसळ, गोखरू, टिकलीची कड, जरीची तार, आरशाचा कोपरा, जे काही टोचणारं असेल तिथं कापूस अडकतो. हाताला न कळणारं कापसाला कळतं. आपल्याकडच्या गवतात कुसळ किती असते हे सांगायला नको, एक कुसळ नमद्यात गेली की ती वराती संपेपर्यंत कातडीत घुसते. आणि चढवताना नमदा थोडा पुढं ठेवून मागं सरकवा म्हणजे केस सरळ बसतात, मागून पुढं ओढला तर केस उलटे राहतात आणि दिवसभर तसेच घासतात.

वजनाचं पण पाहा. घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या भागापेक्षा जास्त ओझं, जीन-झूल धरून, पाठीवर नसावं असं मानतात. वजनकाटा लागत नाही. शिलाईची टेप घ्या, कोपरामागून छातीचा घेर सेंटीमीटरमधे मोजा, खांद्याच्या टोकापासून मागं ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६० आणि लांबी १४५ आली तर वजन अंदाजे ३१२ किलो. तिचा पाचवा भाग म्हणजे ६२ किलो. त्यात जीन-झूल १२-१५ किलोचं, मग ८५ किलोचा नवरदेव आणि पुढं मांडीत बसवलेलं भाचं कसं चालेल? मी आता सुपारी घेतानाच सांगतो की लहान पोरगं बसवणार नाही आणि घोडीवर बसणं वीस-पंचवीस मिनिटांचं, बाकी रस्ता घोडी नुसती चालेल. लोक ऐकतात. एखादा नाही ऐकत, त्याची सुपारी सोडतो.

उन्हाळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. एप्रिल-मे मधे चंद्रपूर, अकोला, वर्धा, पारा ४५ च्या वर, आणि लग्नं तेव्हाच. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रोटीन असतं, म्हणूनच पट्ट्याखाली साबणासारखा फेस दिसतो, आणि त्यात मीठ भरपूर. तो फेस वाळला, त्यात बंडीरस्त्याची धूळ मिसळली की सँडपेपर तयार. म्हणून प्रत्येक वेळेस जीन निघालं, पाठ थंड झाली, की जीनखालची, तंगाखालची, दुमचीखालची जागा साध्या पाण्यानं धुवायची, साबण नको, आणि पूर्ण वाळू द्यायची. सकाळी खरारा करूनच परत जीन. ओल्या कातडीवर जीन चढवलं तर मऊ पडलेली कातडी लवकर सोलते. १२ ते ३ च्या मधे, पारा ३७ च्या वर असताना ओढणाऱ्या-वाहणाऱ्या जनावराला जुंपायचं नाही असं त्याच १९६५ च्या नियमात आहे, आणि जखमी जनावराकडून काम घेणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. दुपारची वरात मागणाऱ्याला मी हे सरळ सांगतो.

झूल-पांघरुणाचं सांगायचं तर खरं म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक घोड्यांना त्याची गरजच नसते. डिसेंबर-जानेवारीत गोंदिया-नागपूरकडं पारा दहाच्या खाली जातो, आपल्याला हुडहुडी भरते म्हणून आपण घोडीवर पोतं टाकून नायलॉनच्या दोरीनं बांधतो. चांगलं खाल्लेली, अंगावर हिवाळी केस आलेली, कोरडी आणि वाऱ्यापासून आडोशाला असलेली घोडी ही थंडी सहज काढते, रात्री कडबा जरा जास्त टाका, पोटात चारा पचताना ऊब तयार होते. पांघरूण म्हाताऱ्या, वाळलेल्या, आजारी घोड्याला आणि शिंगराला. ते घालायचंच असेल तर गोधडीचा भार उंचवट्यावर लटकू नये, ती उंचवट्याच्या पुढंपर्यंत यावी, छातीवर मूठभर जागा राहावी, खांद्याच्या पुढच्या टोकावर शिवण नको. खांद्यावरचे केस घासून चमकायला लागले की समजा दोन-चार दिवसांत टक्कल पडणार. पोटाखालून दोरी नको, रुंद सुती पट्टा. आणि रोज एकदा पूर्ण काढा, आत हात फिरवा. आठवडाभर तशीच बांधून ठेवलेल्या गोधडीखाली काय काय निघतं ते मी पाहिलं आहे.

पायाच्या दोराचं एकच सांगतो, नायलॉन टाकून द्या. खुराच्या वर मागच्या बाजूला जो खळगा असतो तिथं नायलॉन भाजल्यासारखं कापतं आणि पायाची जखम पाठीपेक्षा हट्टी असते, तिथं लाल मांस फुलकोबीसारखं वर वाढतं आणि बंदच होत नाही. सुती किंवा अंबाडीचा दोर घ्या, पायात येणारा भाग कापडानं गुंडाळा, आणि रोज पाय बदला.

आता लागलंच तर काय करायचं.

नुसते केस तुटले, कातडी शाबूत, तर त्या पट्ट्याला, त्या जीनला सुट्टी, कारण शोधा, बाकी काही नको. हवं तर जरा व्हॅसलीन.

सूज आहे, गरम आहे, पण फुटली नाही, तर गार पाणी. पहिले दोन दिवस रोज तीन-चार वेळा, दर वेळेला पंधरा-वीस मिनिटं ओल्या कपड्याची घडी ठेवायची, बर्फ असेल तर कपड्यात गुंडाळून. मालिश करू नका, गरम तेल चोळू नका, सुई टोचून पाणी काढू नका. आतलं मांस आधीच उपाशी आहे, चोळून ते आणखी मरतं. टोचलं तर बाहेरचे जंतू आत. आणि सूज पूर्ण बसेपर्यंत पाठीवर काही नाही, टॉवेलसुद्धा नाही.

कातडी फुटली तर आधी स्वतःचे हात धुवा. जखमेत व्हॅसलीन किंवा स्वच्छ ओला बोळा ठेवून आजूबाजूचे केस कात्रीनं कापा, म्हणजे केस आत पडत नाहीत. एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात चहाच्या चमच्यानं दीड सपाट चमचा मीठ, म्हणजे ९ ग्रॅम. मोठ्या सिरिंजनं किंवा झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीनं हळू धार मारत घाण बाहेर येईपर्यंत धुवा. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर पाण्यात फिक्या चहासारखा रंग येईल इतकं पातळ करून, बाटलीतलं घट्ट तसंच ओतलं तर नवीन येणारी कातडी पण जळते. स्वच्छ कपड्यानं टिपून कोरडं करा, पुसू नका. मग पशुवैद्यकानं दिलेलं मलम पातळ लावा, सिल्व्हर सल्फाडायझिन मिळतं मेडिकलमधे, ते चालतं, थापू नका. दिवसातून दोनदा. जखमेच्या आजूबाजूला, आत नाही, कडुनिंबाचं तेल लावलं तर माशा कमी बसतात. पावसाळ्यात माशांकडं जास्त लक्ष द्या, एक दिवस चुकला की किडे पडतात.

आणि हे हात जोडून सांगतो, जखमेत रॉकेल, टर्पेंटाइन, फिनाईल, जळकं ऑइल, चुना, मोरचूद, बॅटरीचं पाणी काही घालू नका. किडे मरतात हे खरं पण मांस पण मरतं, आणि मेलेल्या मांसात परत किडे. किड्यांसाठी जनावरांच्या दवाखान्यात स्प्रे मिळतो, तो मारा आणि चिमट्यानं सगळे काढा. हळदीबद्दल लोक रागावतात माझ्यावर, पण उघड्या ओल्या जखमेत कोरडी हळद दाबली की वर खपली धरते आणि खाली पू साठतो, मी हे माझ्याच घोडीवर पाहिलं, म्हणून मी हळद न फुटलेल्या कातडीवरच ठेवतो. दुखतंय म्हणून माणसाचं डायक्लोफेनॅक टोचू नका. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, ते औषध अंगात असलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात, आणि आपल्या गडचिरोलीत उरलीसुरली गिधाडं जगवायला लोक धडपडून राहिले. दुखण्याचं औषध डॉक्टरला विचारूनच.

धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका. बैलापेक्षा घोड्याला धनुर्वात कितीतरी लवकर होतो, खिळा, तंगाची बारीक जखम, एवढंसं पुरतं. दरवर्षी लस द्या आणि जखम झाली की डॉक्टरला शेवटची लस कधी दिली ते सांगा. कान ताठ, शेपटी उचललेली, जबडा उघडत नाही, डोळ्यात कोपऱ्यातून पांढरा पडदा येतो, असं दिसलं तर एक तास पण थांबू नका.

डॉक्टर लगेच बोलवायचा तो केव्हा, तर उंचवट्यावरची सूज वाढतच चालली किंवा तिला भोक पडून पू वाहतो तेव्हा. ती आत खोल नळीसारखी जाते, आणि त्यात कधी कधी ब्रुसेला नावाचा जंतू निघतो, तो गाभ टाकणाऱ्या गाईंकडून येतो आणि माणसालाही होतो, आपल्याकडं घोडी गोठ्यातच बांधतात म्हणून सांगतो, तो पू उघड्या हातानं काढू नका. कातडी चामड्यासारखी काळी कडक झाली, घोडी खात नाही, ताप आहे, हाड दिसतं, हे पण घरचं काम नाही. पायावर किंवा अंगावर एका ओळीत गाठी येऊन फुटल्या आणि मधासारखा चिकट पू आला तर ते जीन लागलेलं नाही, ती ग्लँडर्स नावाच्या रोगाची शंका आहे, माणसाला पण होतो आणि सरकारला कळवावं लागतं, घोडी वेगळी बांधा, भांडी वेगळी करा आणि डॉक्टरला बोलवा. गावात डॉक्टर नसेल तर १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, फिरता पशुवैद्यकीय दवाखाना येतो. मोठं काही असेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

आणखी एक घोळ होतो. गोल गोल टकलं, कडेला कोंडा, आणि पसरत चालली, तर ती नायट्यासारखी बुरशी, एका घोड्याचा नमदा दुसऱ्याला घातला की लागते, तुमच्या हाताला पण. पावसाळ्यात पाठीवर खपल्या, ओढल्या की केसांचा झुपका ब्रशसारखा हातात येतो, तो पावसाचा जंतू. आयाळ आणि शेपटीचं मूळ घासून घासून उघडं पडलं तर ते चिलटं चावल्याची खाज. यात जीन बदलून काही होणार नाही.

परत काम कधी सुरू करायचं, यात सगळे घाई करतात. मधे भोक पाडलेली गादी टाकून लोक जखमेवरच काम घेतात, भोकाच्या कडेवर सगळा दाब येतो आणि जखम मोठी होते. साध्या सोलण्याला आठ-दहा दिवस, खोल जखमेला महिना-दीड महिना किंवा जास्त. नुसती खपली धरली म्हणजे झालं नाही. कातडी पूर्ण आलेली, दाबली तर घोडी हलत नाही, केसांची लव उगवलेली, तेव्हा पहिल्या दिवशी नुसतं जीन, माणूस नाही, दहा मिनिटं गल्लीत फिरवा. काढा, पाहा, अर्ध्या तासानं परत हात फिरवा. गरम नाही लागलं तर दुसऱ्या दिवशी हलकं पोरगं, पंधरा मिनिटं. मग रोज थोडं वाढवा. कुठल्याही दिवशी जागा गरम लागली की दोन दिवस थांबून परत पहिल्या पायरीवर. या काळात भिजवलेला हरभरा, लसूणघास, मिठाचा खडा चालू ठेवा, वाळलेल्या घोडीचा उंचवटा आणखी वर येतो आणि ठीक बसणारं जीन पण मग लागतं. मैनाला या पद्धतीनं परत वरातीला उभं करायला खपली पडल्यावर अठरा दिवस लागले, आणि पहिल्या वरातीवरून आल्यावर मी टॉर्च घेऊन तिच्या पाठीजवळ दोनदा उभा राहिलो.